ताईसाहेबांचा डागी शालू

मी शालू बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण माझ्यात पोर निजली आहे आणि तिला निजवता निजवता घरच्यांची अर्धी दुपार गेली. तुम्हीही पाय न वाजवता बसा.

शालू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे बनारस, रेशीम, लग्नाचा मांडव असलं काहीबाही आलं असेल. ते विसरा. माझ्यात रेशमाचा एक धागा नाही. मी भिवंडीच्या यंत्रमागावरचं आर्टसिल्क, आणि त्यातही डागी. तरी काही वर्षं शेलार गावात माझा मोठा मान होता. मी इनामदाराच्या एकुलत्या एका लेकीच्या, म्हणजे ताईसाहेबांच्या, अंगावर मिरवायचो. आता ती लेक म्हणजे नाटकातलं पात्र आणि ते पात्र म्हणजे लडकू, ही गोष्ट वेगळी.

माझा जन्म एका डुलकीतून झाला. थट्टा नाही करत. लडकू भिवंडीत रहमतुल्ला शेठच्या कारखान्यात माग चालवायचा. शेलारहून पायी यायचा, अख्खी शिफ्ट उभ्याने काढायचा आणि पुन्हा पायी घरी जायचा. एकाहत्तर सालातली गोष्ट. त्या दिवशी बदली कामगार आलाच नाही, म्हणून एका पाळीला जोडून लडकूने दुसरी पाळीही केली. ती संपत आली असताना मागाला टेकून त्याचा उभ्या उभ्या डोळा लागला. धोट्यातली कांडी संपली, आडवा धागा भरायचा थांबला, माग मात्र खडखडत पुढे चालतच राहिला. लडकू जागा झाला तोवर कापडात वीतभर पट्टी नुसत्या उभ्या धाग्यांची निघाली होती. घाबरून त्याने हात घातला, तर हाताचं तेलही कापडाला पुसलं गेलं.

ती पट्टी आणि तो डाग माझ्या अंगावर अजून आहेत. माणसांना जन्मखुणा असतात, तशा या माझ्या. दमलेल्या माणसाच्या हातून मी जन्माला आलो आणि तेव्हापासून दमलेल्या माणसांतच माझा जन्म गेला.

शेठ ओरडतील म्हणून लडकू मान खाली घालून उभा राहिला. पण रहमतुल्ला शेठ जुने भिवंडीकर, नाटकाचे शौकीन. शेलारच्या गावदेवीच्या जत्रेत होणारं नाटक ते दरसाल पहिल्या रांगेत बसून बघायचे. सत्तर सालच्या मे महिन्यात शहरात हिंदू-मुसलमानांची जी दंगल झाली तिच्यानंतर मात्र ते शेलारला गेले नव्हते आणि शेलारच्या कुणी त्यांना बोलावलंही नव्हतं. त्यांनी डागी तुकडा बोटांनी चाचपला, लडकूच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

"हा बाजारात जाणार नाय," ते म्हणाले. "घेऊन जा, तुमच्या ताईसाहेबला नेसव. लेकिन अगली बार नींद आली ना, तर मला सांग. कापडाला नको सांगू."

मग त्यांनी मला रंगाऱ्याकडे पाठवून राणी रंगात बुडवून आणलं. शेठच्या पत्नी खदीजाबी नवरीच्या कपड्यांना गोटा लावण्यात तरबेज होत्या. त्यांनी माझी ती विरळ पट्टी रफू केली, वरून रुंद गोटा टाचला, काठाला कलाबतूची किनार लावली. तेलाचा डाग झाकायला तिथे एक बुट्टी काढली. निरोप पाठवला की पट्टी निऱ्यांत जाईल असं नेसा, ताणू नका. आणि जत्रेला आम्हाला बोलवा. असा मी शेलारला आलो, आणि माझ्याबरोबर त्या वर्षी शेठ आणि खदीजाबीही नाटकाला आले. तेवढं एक चांगलं काम मी जन्मल्या जन्मल्या केलं. पुढे फक्त राबलो.

आता नाटकाचं सांगतो. ते केसरीनाथ मास्तरांनी लिहिलं होतं. शाळेत मुलांना पाढे शिकवून उरलेल्या वेळात ते पेशवाईत राहायचे. नाटकाचं नाव 'इनामदारांची एकुलती'. पेशवाई बुडायला आलेली, इनामदार म्हातारे, आणि त्यांची एकुलती एक लाडावलेली लेक म्हणजे आमच्या ताईसाहेब. ताईसाहेब पलंगावरून पाय खाली ठेवत नाहीत. पेरूतल्या बिया दासीने काढून द्यायच्या. स्वप्न वाईट पडलं तर रागावून दासीला उपाशी ठेवायचं, कारण तिने उशी नीट झटकली नाही. सगळे नवरे मुलगे नापसंत, कोणाचं नाक लांब, कोणाचं घोडं काळं. शेवटच्या अंकात इनाम जप्त होतं, दासी निघून जातात, आणि ताईसाहेब हंडा घेऊन विहिरीवर येतात. दोराचं कुठलं टोक हातात धरायचं हेही त्यांना ठाऊक नसतं. लोक हसून हसून लोळायचे.

सगळ्यांत मोठा हशा मात्र पहिल्याच अंकात व्हायचा. ताईसाहेब पलंगावर अंग टाकतात आणि म्हणतात, "दमले गं बाई."

दासी पाय चेपत विचारते, "काय करून दमलात ताईसाहेब?"

ताईसाहेब जांभई देतात. "काही न करून."

एवढंच. पण या तीन वाक्यांसाठी आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. मास्तरांना वाटायचं, ही आपल्या लेखणीची करामत. दासीचं काम करणाऱ्या रघूला वाटायचं, आपण नाक मुरडतो त्याची. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण मी अंगावर होतो. लडकू जत्रेच्या दिवशीही शिफ्ट करून यायचा. मिशी उतरवून, तोंडाला पांढरं फासून, मला नेसून तो पलंगावर पडायचा ना, तो खराच पडायचा. ती जांभई खरी असायची. "दमले गं बाई" म्हणताना त्याच्या पाठीतून जो सुस्कारा निघायचा तो मला आरपार जाणवायचा. रघू थट्टेने पाय चेपायचा आणि लडकूच्या सुजलेल्या पोटऱ्यांना खरोखर बरं वाटायचं. लोक समोर टाळ्या पिटायचे. वर्षातून एकदा, तेवढ्याच वेळापुरता, लडकूला आडवं पडायची मुभा होती, आणि तीही बाई झाल्यावर.

बाकी वर्षभर मी लडकूच्या घरी पत्र्याच्या पेटीत असायचो. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं चढायचं, पण घरातलं सगळं कानावर पडायचं. घरात माणसं तीन. लडकू, त्याची आई गुणाबाई आणि त्याची बायको काशी.

लडकू स्टेजवर जेवढा तोंडाळ तेवढाच घरात मुका. आईपुढे त्याचा शब्द फुटत नसे. गुणाबाई वाईट होती असं नाही. नवरा लवकर गेला, भाताचं थोडं शेत आणि हा एक मुलगा, एवढ्यावर तिने दिवस काढले होते. ती कधी बसलेली मी ऐकलीच नाही. ऐकलीच म्हणतो, कारण पेटीतून दिसत नाही. तिच्या पायांचा आवाज दिवसभर चालू असायचा. आणि त्याच्या मागोमाग काशीच्या पायांचा.

नाटकाने गावाला एक शब्द दिला होता. विहिरीवर एखादी बाई हंडा ठेवून घटकाभर टेकली, की दुसरी लगेच म्हणायची, "काय गो, इनामदाराची एकुलती!" भाताच्या लावणीत कुणी कंबर धरून उभी राहिली, तरी तेच. तापाने फणफणलेली सून अंथरुणात दिसली, की सासवा हातवारे करून ताईसाहेबांची जांभई देऊन दाखवायच्या. पुरुषांचं बरं होतं. ते ओट्यावर पाय पसरून बसले तर त्यांना कोणी एकुलती म्हणत नव्हतं. मास्तरांनी टोला मारला होता इनामदारांना. तो इनामदारांना काय लागणार, ते तर कधीच मेले होते. तो लागत होता पाणी भरणाऱ्या बायकांना. हे गावात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मी कापड. मी कोणाला सांगणार?

काशी हुशार होती, हसरी होती. सुरुवातीला लडकू मिशी उतरवायचा तेव्हा ती आरसा धरून इतकी हसायची की आरसा हलायचा आणि त्याचा गाल कापायचा. जत्रेनंतर मला उन्हात वाळत घालायचं कामही तिचंच. घामाचे डाग ती लिंबाने काढायची, पट्टीवर हात न घासता. मला नेसून बघावं असं तिला वाटत असणार. एकदा तिने माझा पदर खांद्यावर घेतलाही होता. बाहेर गुणाबाईची चाहूल लागली तसा लगेच काढून ठेवला.

मग तिचं हसणं कमी झालं. तिला दिवस गेले होते. राबासाठी पातेरा, म्हणजे शेतात जाळायचा पालापाचोळा, वाहायचे दिवस होते ते. डोंगराच्या अंगाने डोक्यावरून पातेऱ्याचे भारे आणायचे आणि शेतात पसरायचे. काशी भारे आणत राहिली आणि एका संध्याकाळी पोट गेलं. दुसऱ्या दिवशी ती पाण्याला गेली. पुढच्या वेळी लावणीत तसंच झालं. बाहेर धो धो कोसळत होतं आणि पेटीत मला तिचं रडणं तोंडात पदर कोंबल्यासारखं दबून ऐकू येत होतं. लडकू शेजारी बसला होता. दोन्ही वेळा तो नुसता बसून राहिला आणि भोंगा झाला तसा कामावर गेला.

शहात्तर साली ती पुन्हा गरोदर होती. जत्रेआधी थोडे दिवस सुईण बायजाबाई येऊन तपासून गेली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांवर जन्मलेली. तिने गुणाबाईला बाजूला घेतलं, म्हणजे नेमकं माझ्या पेटीपाशीच. पोट खाली उतरलंय, म्हणाली. या वेळी जड उचलायचं नाही, पाण्याला जायचं नाही, पोरीला आडवी ठेवा. न्हायतर ह्ये पोटपन जाईल, आनि मंग पुना आशा धरू नका.

"आडवी ठेवू?" गुणाबाई म्हणाली. "इनामदाराची एकुलती हाय का ती? ह्यो लडकू झाला तवा मी सकाली कापनी केली व्हती."

बायजाबाई निघून गेली. काशीने हे ऐकलं की नाही ते कळलं नाही. पण थोड्या वेळाने हंडा उचलल्याचा आवाज आला आणि तिची पावलं विहिरीच्या वाटेने गेली. त्या रात्री लडकूने विषय काढायचा प्रयत्न केला. "आये," एवढं म्हणाला. "काय?" म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला की कालवण चांगलं झालंय.

तुम्ही त्याला भेकड म्हणाल. मी नाही म्हणणार. बायकोची बाजू घेणाऱ्याला गाव काय म्हणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय हा तर दरसाल लुगडं नेसणारा. त्याने घरात तोंड उघडलं असतं तर सगळ्या शेलारने त्याची बांगड्या भरून वरात काढली असती. आणि आई जन्मभर राबली होती ती त्याच्यासाठीच, त्यामुळे तिला उलटून बोलायला त्याची जीभ वळत नव्हती. तो गप्प राहून झुरत होता. काशी रोज पाणी आणत होती. आणि आम्ही सगळे, म्हणजे तो, ती आणि पेटीतला मी, कुठल्या दिवशी घात होतो त्याची वाट बघत होतो.

जत्रेचा दिवस आला. गावदेवीची पालखी फिरून देवळात गेली, आणि दिवेलागणीला देवळापुढच्या पटांगणात पिंपांवर फळ्या टाकून बांधलेल्या स्टेजसमोर गर्दी झाली. पडदे कारखान्यातल्या कोऱ्या कापडाचे, पलंग पोलीस पाटलाच्या घरचा. रहमतुल्ला शेठ आणि खदीजाबी पुढे खुर्च्यांवर होते. बायकांत सगळ्यांत पुढे गुणाबाई, मुलाचं काम बघायला. तिच्यामागे काशी. तिने यायला नको होतं. पण घरी पडून राहिली असती तर बायका काय म्हणाल्या असत्या, ते सांगायची गरज नाही.

लडकू शिफ्ट करून आला होता. त्याला नेसवताना रघूने निऱ्या काढल्या आणि हात माझ्या पट्टीवर पडला तरी लडकूचं तिकडे लक्ष नव्हतं. हे काम त्याला झोपेतही आलं असतं. तो पडद्याच्या फटीतून बायकांकडे बघत होता. काशी मांडी बदलत होती. एक हात कमरेवर, एक जमिनीवर.

पडदा वर गेला. ताईसाहेब पलंगावर पडल्या.

"दमले गं बाई," लडकू म्हणाला.

गर्दी आधीच हसायला लागली. रघूने पाय मांडीवर घेतले, नाक मुरडलं. "काय करून दमलात ताईसाहेब?"

लोक हसत वाट बघत राहिले. मास्तर विंगेतून पुटपुटले, "काही न करून, काही न करून." रघूला वाटलं लडकू वाक्य विसरला. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

लडकू उठून बसला. ताईसाहेब पहिल्या अंकात कधी उठून बसत नाहीत.

"पानी भरून दमले," तो म्हणाला. आवाज ताईसाहेबांचाच होता, बोली मात्र घरची.

जोरदार हशा झाला. इनामदाराची लेक आणि पाणी! मास्तरांनी नवीन वाक्य घातलं असेल असं लोकांना वाटलं.

"पातेरा वाहून दमले. लावनी करून दमले."

अजून हशा. रघू घाबरला होता, पण हातातला पाय सोडावा की चेपावा हे न कळून तो चेपतच राहिला.

"दोन लेकरं पोटातनं गेली, तवापन दुसऱ्या दिशी पान्याला गेले. बसले असते तर तुमी मला माझंच नाव घेऊन हसले असते." लडकूचा ताईसाहेबी आवाज इथे फुटला आणि खालून त्याचा स्वतःचा जाड आवाज वर आला. "आता तिसरं हाय. मला कुनी आडवी पडू देल का?"

मागे काही लोक अजून हसत होते, त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. पुढे बसलेल्या बायका मात्र गप्प झाल्या. मग ती शांतता मागे मागे सरकत गेली. खदीजाबींनी ओढणी तोंडाला लावली. लडकू पलंगाच्या कडेला बसून होता आणि त्याचे तळवे माझ्या निऱ्यांवर घाम पुसत होते. त्याने गर्दीकडे पाहिलं नाही. तो फक्त आईकडे बघत होता.

गुणाबाई उठली. तिने मागे वळून काशीचा दंड धरला. "चल घरला," म्हणाली. दोघी गर्दीतून बाहेर पडल्या.

आईचा अपमान झाला, चारचौघांत झाला, आता ती काशीला काय करील या विचाराने लडकू पलंगावरून उतरला आणि तसाच स्टेजवरून खाली उडी मारून धावत सुटला. मास्तर ओरडत होते की दुसरा अंक राहिलाय, तिसरा राहिलाय. राणी रंगाचा शालू, गळ्यात खोटे मोती, गंगावन अर्धं सुटलेलं, आणि तो वाटेने धावतोय. दगडांत ठेचा लागत होत्या. माझी किनार काट्यांत फाटत होती.

दारात आल्यावर तो थांबला. आत चिमणी लावलेली होती. काशी अंथरुणावर कुशीवर पडली होती, तिच्या पायांखाली दुमडलेली घोंगडी होती. गुणाबाई तिच्या पोटऱ्यांना तेल लावत होती. तिला ते नीट जमत नव्हतं. दुसऱ्याचे पाय असे कधी हातात घेतलेच नसावेत तिने.

"बोलू नको," ती मुलाला म्हणाली. "आताच डोला लागलाय तिचा."

लडकू उंबऱ्यावर उभाच राहिला.

"मीपन कदी बसले न्हाय," गुणाबाई तेल लावता लावता म्हणाली, त्याच्याकडे न बघता. "बसायला नको वाटत व्हतं, असं न्हाय. कुनी बस म्हनलंच न्हाय." मग तिने हनुवटीने कोपऱ्यातला हंडा दाखवला. "पानी न्हाय घरात. तू घेऊन ये. आनि उद्यापन तूच."

मला सोडून दुसरं नेसायला लडकूने कपडे शोधले. कपडे तर स्टेजमागे राहिले होते. त्याने हंडा उचलला, दोर खांद्यावर टाकला आणि तसाच विहिरीवर गेला.

नाटक मोडल्यामुळे माणसं घरी परतत होती. वाट विहिरीवरूनच जाते. कंदील, बैलगाड्या, खांद्यावर झोपलेली मुलं, आणि विहिरीच्या काठावर इनामदाराची एकुलती पदर खोचून पाणी शेंदतेय. शेवटच्या अंकात ताईसाहेबांना दोराचं टोक सापडत नाही म्हणून दरसाल लोक लोळून हसायचे. आज दोर नीट धरलेला होता. कुणी हसलं नाही. एकजण हसला म्हणा, दापोड्याचा पाहुणा होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याला गप्प केलं गेलं. लडकूने हंडा डोक्यावर घेतला. पाणी हिंदकळून माझ्यावर सांडलं, राणी रंग उतरून त्याच्या मानेवरून ओघळला. तो माझा शेवटचा प्रयोग.

गाव एका दिवसात सुधारलं असं समजू नका. लडकू रोज पाणी भरायला लागला तसे पुरुष त्यालाच "एकुलती" म्हणायला लागले. कारखान्यातसुद्धा म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा, हंडा भरायचा, कामावर जायचा. आधीच दमलेला, त्यात आणखी दमला. पुढच्या वर्षी मास्तरांनी रागाने कल्याणहून ताईसाहेबांच्या कामाला खरी नटी आणली. ती स्वतःची साडी घेऊन आली, नाजूक होती, तिने जांभईही सुंदर दिली म्हणतात. हशा मात्र झाला नाही. का नाही झाला, त्यावर मास्तर अजून विचार करत असतील.

काशी पडून राहिली. पावसाळाभर गुणाबाईने तिला उठू दिलं नाही. ज्या बायका टोमणे मारायला आल्या त्यांना गुणाबाईने दारातच विचारलं की पाणी प्यायला आलात की भरायला. श्रावण सरता सरता बायजाबाईच्या हातावर मुलगी आली. चंद्रा नाव ठेवलं. शेठकडून बाळंतविडा आला, त्यात खदीजाबींचा निरोप होता की शालूची पट्टी कशी आहे.

पट्टी बरी नव्हती. माझा रंग उतरला होता, किनार फाटली होती, नेसण्याजोगा मी राहिलो नव्हतो. गुणाबाईने गोटा आणि कलाबतू उसवून काढली, पोरीच्या गालाला टोचेल म्हणून, आणि मला दुहेरी करून वाशाला बांधलं. शालूची झोळी झाली. बढती म्हणायचं की काय ते तुम्ही ठरवा.

तेव्हापासून मी लटकतो आहे. चंद्रा आता अंगाने भरली आहे, झोळीत मावत नाही, पाय बाहेर येतात. तिच्या पाठीखाली नेमकी माझी ती डुलकीची पट्टी आली आहे. खदीजाबींचं रफू चांगलं होतं, पण रोज एखादा धागा सुटतो आणि मला तो सुटताना कळतो. नाटकातली लेक हलकी होती, नुसती मोठेपणाची हवा. ही खरी एकुलती चांगली जड आहे. मी थकलो आहे, खरंच सांगतो. मला उतरवायची वेळ झाली आहे. खाली करून पुसायला घ्या, पोतेरं करा, माझी काही तक्रार नाही.

मग सोडून का देत नाही, असं विचाराल. पोर तर वीतभरच खाली पडेल, खाली गोधडीही घातलेली आहे.

पोरीसाठी नाही. जरा कोपऱ्यात बघा. दोरी हातात घेऊन भिंतीला टेकलेली ती गुणाबाई आहे. झोळी हलवायची म्हणून ती रोज दुपारी इथे बसते. जन्मात पहिल्यांदा बसते. थोड्या वेळाने दोरी थांबते, मान छातीवर येते आणि तिचाही डोळा लागतो. पोर निजली तरी ती उठत नाही. मी उतरलो तर तिला बसायला कारण राहणार नाही, आणि कारणाशिवाय बसायला तिला आता या वयात कोण शिकवणार?

म्हणून तुम्हाला एवढंच मागतो. मला उतरवाल तेव्हा त्या वाशाला दुसरं काहीतरी बांधा. जुनं लुगडं चालेल, चादर चालेल. पोर मोठी झाली असेल, झोळी रिकामी असेल, तरी बांधा, आणि दोरी म्हातारीच्या हातात द्या. आता जाताना दार हळू ओढून घ्या. दोघी निजल्या आहेत.